फरक नऊने भागला जातो

दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावर दुसरा मजला.
जिन्यात तळणीचा वास, वर आमची फर्म.
आज निकाल.
साहेब आत, दार लोटून.
मी हजेरीपट काढून बसलोय,
जणू त्यातच काही उमटणार आहे.

फायनलला मी सात वेळा बसलो.
आठव्यांदा फॉर्म भरला, गेलो नाही.
तेव्हापासून पोरं शिकाऊ म्हणून येतात
आणि मला काका म्हणतात.
स्टायपेंड एवढा, की निम्मा पेट्रोलला,
निम्मा सेव-उसळीला.
पहिले सहा महिने नुसत्या टिका :
पावती, नोंद, टिक. पावती, नोंद, टिक.
लाल शाई साहेबांची, हिरवी माझी,
त्यांना पेन्सिल.
पेन्सिल खोडता येते हे कळायला दिवस लागतो,
खोडू नये हे कळायला वर्ष.

तेजल राठवा छोटा उदेपूरची.
बाप एसटीत कंडक्टर, रात्री थैली उलटी करायचा,
नाण्यांच्या चवडी ही लावायची.
एकतीस मार्चला तिला मकरपुऱ्यात पाठवलं,
व्हॉल्व्हच्या कारखान्यात, माल मोजायला.
गोदामात खोकी छतापर्यंत.
मॅनेजर म्हणाला, बेन, पुढची रांग मोजा,
गुणाकार करा, चहा घ्या.
तिनं ओढणी कमरेला खोचली आणि चढली.
मागच्या तीन रांगा हलक्या.
हलक्या म्हणजे रिकाम्या.
खाली येऊन म्हणाली, "चहा नंतर."
रिपोर्टात एक ओळ वाढली.
क्लायंट गेला, आमचा बोनसही गेला.
मी रागावलो नाही.
खोटं कशाला, दोन दिवस रागावलो होतो.

अयाझ मणियारचा ताळेबंद
रात्री साडेअकराला जुळेना. फरक पाच हजार चारशे.
म्हटलं, नऊने भागून बघ.
भाग गेला.
म्हणजे आकडे उलटे पडलेत कुठेतरी,
एकाहत्तरचे सतरा झालेत.
चौदाशे व्हाउचरं. मी खुर्चीतच पेंगलो.
पहाटे डोळा उघडला, तो तेच पान धरून उभा :
दिवाळीच्या मिठाईचं बिल,
सात हजार एकशे त्रेचाळीसच्या जागी
सतराशे त्रेचाळीस.
अक्षर माझं.
तो काहीच बोलला नाही.
पेन्सिलीनं बारीक टिक केली, पान उलटलं,
आणि खाली जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आला.

साडेबाराला निकाल लागला.
तेजल पास. अयाझ पास.
रेवती फणसे : इनडायरेक्ट टॅक्समध्ये छत्तीस.
चारानं गेली.
चार नऊने भागला जात नाही,
मी उगाच भागून पाहिला.

साहेब दार उघडून बाहेर आले,
तेजलशी हात मिळवला, अयाझशी मिळवला,
रेवतीसमोर हात तसाच राहिला क्षणभर.
तिनंच तो धरला. म्हणाली,
"सर, उद्या रिटर्नची शेवटची तारीख. अकरा बाकी आहेत."
मग सेव-उसळीची ऑर्डर तिनंच दिली,
माझी तरी वेगळी, जास्तीची.

तेजलनं घरी फोन लावला.
बापानं पहिलं विचारलं, किती पैकी किती?
तिनं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही,
नुसता बसचा हॉर्न.

मी हजेरीपटात शेऱ्याच्या रकान्यात
हिरव्या शाईनं दोनदा लिहिलं, उत्तीर्ण.
रेवतीपुढे काही लिहिलं नाही.
माझ्यापुढे कुणीतरी घाईनं "अनुत्तीर्ण" लिहिलं होतं,
सात वेळा, सुंदर अक्षरात.

प्लेटी रिकाम्या झाल्या. पाव संपले.
बिलावर अयाझनं सवयीनं बोट फिरवलं,
तेजलनं सवयीनं बेरीज केली,
रेवती म्हणाली, "एक प्लेट कमी लावलीय त्यांनी."

तिघंही जिना उतरून पैसे द्यायला गेली.